पंगतीत दुरुस्त केलेलं क्रियापद

फ्लॅट बुश, ऑकलंड
१७ सप्टेंबर २०१७

ती. चंद्रशेखरभावोजींस,
सुशांतचा साष्टांग नमस्कार (या वेळी खरोखरच लोटांगण समजावा).

तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईला विचारलं तर 'बरा आहे' म्हणून ती फोन ठेवते, म्हणून थेट तुम्हालाच विचारतो. इकडे आम्ही खुशाल (मुग्धा, बायको असून, माझ्याशी कामापुरतंच बोलते, एवढं सोडून).

जूनमधल्या आमच्या वास्तुशांतीचा विषय काढायला तोंड नाही, तरी काढतो. होमाच्या धुराने छताचा स्मोक अलार्म कोकलू लागला (तो बंद कसा करायचा हे मला, इंजिनियर असूनही, अजून येत नाही) आणि शेजारचा गोरा जॅन्डल्स (इकडच्या रबरी चपला) फटफटवत भांडायला आला. मी यजमान, सोवळं सावरत नुसता उभा. तुम्ही मात्र त्याला बसवलंत, तूप घालून पुरणपोळी वाढलीत, आणि दुसऱ्या पोळीला तो 'स्वीट ॲज' (इकडच्या बोलीत 'झकास') म्हणाला. मग जेवताना, तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याच्या सवयीने, तुम्ही सांगू लागलात की रागावलेल्याला असं शांत करण्याला 'अपीज' म्हणतात. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं आणि त्याचा मूळ अर्थ शांतीकडे आणणं.

तिथे माझी जीभ वळवळली. ऑफिसच्या सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "भावोजी, ते 'प्लीज'वरून आलंय. सांगलीच्या शाळेत खपत असेल, इथे नाही." सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी. घरच्या जावयाला पहिली पोळी वाढायची सोडून भरल्या पंगतीत त्याचा पाणउतारा करणारा मेहुणा आपल्या अख्ख्या गोतावळ्यात मीच.  थोड्या वेळाने तुम्ही पान तसंच टाकून उठलात.

परवा शब्दकोश उघडला. तुमचंच बरोबर आहे. फार लाज वाटते, भावोजी. मला माफ करा.

तुमचा,
सुशांत

ता.क. भाऊबीज महिन्यावर आली. ताई दरवर्षी व्हिडिओवर ओवाळते. यंदा म्हणाली, "यांना दुखवलंस, तुला कुठल्या तोंडाने ओवाळू?" तुम्ही एक शब्द टाकलात तर ती नाही म्हणणार नाही.

आणखी एक. शब्दकोश परवा उघडला हे खोटं. मी त्याच पंगतीत, टेबलाखाली, फोनवर बघितलं होतं. तुम्ही तेव्हा अजून पानावर होतात. मी फोन खिशात घातला आणि पाहुण्यांना विचारलं, आणखी भात वाढू का.