गोया, सोमवार आणि तेरा टाचण्या

२० मे, मंगळवार
छप्पन्न वर्षांपूर्वी कासिल्दा आणि मी एका बाकावर बसायचो. मधल्या सुट्टीत पावात चॉकलेटची वडी घालून खायचो, अर्धा तिचा, अर्धा माझा. शाळेत चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यातली दोन पानं मदर साक्रामेन्तोंनी पिठाच्या खळीने चिकटवून टाकली होती, कारण आत चित्रकार गोयाची ती अंगावर चिंधीही न घेता पहुडलेली बाई होती. एकदा आम्ही ते पान व्हरांड्याच्या खिडकीत उजेडाला धरलं. मी म्हटलं कंबर दिसते. ती म्हणाली उशी आहे. घंटा होईपर्यंत वाद. मग शपथ घेतली, मोठेपणी खरं चित्र दोघींनी मिळूनच बघायचं.

आज तिचा फोन आला, सारागोसाहून. घर विकलंय, कायमची मुलीकडे तेनेरिफेला निघाली आहे. वाटेत तेरा जूनला दोन दिवस माद्रिदला माझ्याकडे. मग विचारते, विसी, तू एव्हाना गोया सगळा बघून टाकला असशील ना? मी म्हटलं, सगळा! प्रत्येक चित्र दोनदा. ती गप्पच झाली. केवढी प्रभावित झाली!

हे खोटं नव्हे. आगाऊ खरं आहे. चोवीस दिवसांत सगळं बघून टाकते, की झालं.

२१ मे
यादी केली. प्रादो म्युझियम, म्हणजे मुख्य खजिना. ललितकलेची अकादमी. लासारो गाल्दियानोंचा वाडा, तिथे गोयाच्या चेटकिणी आहेत. सान आंतोनियोचं देऊळ, त्याच्या घुमटात स्वतः गोयाने रंगवलेली चित्रं. चार ठिकाणं, चोवीस दिवस. डाव्या हाताचा मळ.

भावजय ओब्दुलिया यादी बघून म्हणाली, प्रादोपासून पाच स्टेशनांवर जन्म काढलास आणि आत पाय नाही? तिथली कबुतरं तुझ्यापेक्षा शिकलेली. ओब्दुलियाला कलेतलं काही कळत नाही.

घडीचं स्टूल, मार्गदर्शक पुस्तक आणि नवे चालायचे बूट आणले.

२६ मे, सोमवार
मंगळवारी केस, बुधवारी पत्ते, गुरुवारी ओब्दुलियाकडे चण्या-मांसाचा कोसिदो आणि नंतरची झोप, शुक्रवार शनिवार पाय दुखतात, रविवारी चर्चची मिसा. म्हणून सोमवार ठरवला. अकादमी सोमवारी बंद. वाडा सोमवारी बंद. देऊळ सोमवारी बंद. तिन्ही इमारती बाहेरून मात्र नीट पाहिल्या. पत्ते बरोबर आहेत. समोरच्या बारमध्ये अंड्या-बटाट्याचा तोर्तिया उत्तम, कांदा घातलेला.

२ जून, सोमवार
प्रादो सोमवारी उघडं असतं, आणि सहा ते आठ फुकट. रांगेत पुढे मुर्सियाची एक बाई होती. तळलेले क्रोकेतास आतून पातळ कसे ठेवायचे हे तिने सांगितलं, मी लिहून घेतलं. रांगेतून दोनदा बाहेर पडले (एकदा स्वच्छतागृह, एकदा ग्लासभर व्हरमूथ). आत पोचले तेव्हा आठला दहा कमी. थेट दुकानात गेले आणि गोयाच्या त्या पहुडलेल्या बाईचं पोस्टकार्ड घेतलं. कागदी पिशवीतून काढलेलं नाही. तसं बघायला गेलं तर पोस्टकार्ड म्हणजे तेच चित्र, फक्त बसून बघता येतं.

प्रादो झालं असं धरायला हरकत नाही.

९ जून, सोमवार
अकादमी बंद. मी विसरले नव्हते, खात्री करत होते. बूट चावतात. पुस्तकाची चौदा पानं पाठ झाली. आता प्रत्यक्ष बघून गोंधळच व्हायचा.

१३ जून, शुक्रवार
आली! केस पांढरे, आवाज तोच. सान आंतोनियोचा दिवस, म्हणून थेट त्याच्या देवळात. नवरा मिळावा म्हणून मुली तिथे पाण्यात तेरा टाचण्या टाकून वर तळहात दाबतात. जितक्या चिकटतील तितके उमेदवार. कासिल्दाला पाच. अडुसष्टाव्या वर्षी! मला शून्य. पाणी गढूळ होतं. रांगेतल्या पोरी ओरडल्या, आजी, एखादा आम्हाला द्या की! कासिल्दाने एक टाचणी माझ्या कॉलरला खोचली. म्हणाली, घे, हा दमेकरी तुला.

मग तिला आत घुमटाखाली नेलं आणि चौदाच्या चौदा पानं म्हणून दाखवली. कठड्याला रेललेली माणसं, जिवंत होणारा मुडदा, सगळं. वर नुसता पांढरा रंग होता. मी म्हटलं, काळाने फिकट झालंय, मन लावून बघ. कासिल्दाने अर्धा तास मान वर करून ऐकलं. शेवटी हळूच म्हणाली, विसी, देवळं दोन आहेत गं, जुळी. गोया शेजारच्यात. हे नंतर बांधलं, पूजेला.

सारागोसाच्या म्युझियममध्ये ती नऊ वर्षं पेन्शनरांना चित्रं समजावून सांगते म्हणे. मला आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तू इतकी रंगात आली होतीस.

शेजारी गेलो तर दार लावत होते. मग कोंबडी आणि सिद्रा, सफरचंदाची दारू. दुसऱ्या बाटलीला ती म्हणाली, प्रादोला मी चार वेळा आले, माझ्या म्हाताऱ्यांना घेऊन. त्या बाईच्या दालनाशी आले की म्हणायचे, तुम्ही बघून या, माझा गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता. आपली शपथ होती ना! पण तू तर दोनदा...

आणि ताटातली कोंबडी काट्याने उगाच बारीक करू लागली.

मी सगळं सांगून टाकलं. एकही नाही, कासिल्दा. बाहेरून तीन, पिशवीत एक. तिच्या नाकातून सिद्रा आला. वेटर धावला. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरचेही कारण न विचारता हसले.

उद्या सहाला प्रादो. दोघी.

१४ जून, शनिवार
साडेपाचला पोचलो. रांग मोठी. समोर झाडाखाली बाकावर बसलो, पाचच मिनिटं. मी पाव आणि चॉकलेट आणलं होतं. अर्धा तिचा, अर्धा माझा. ती म्हणाली, उशीच होती. मी म्हटलं, कंबर. सात वाजले. रांग संपली, दार मोकळं. कासिल्दा म्हणाली, बघून टाकलं तर तेनेरिफेहून मी परत कशाला येऊ? कोणीच उठलं नाही. आठला दारं लागली.

१५ जून, रविवार
कासिल्दाला विमानतळावर सोडून आले. पाहिलेले गोया: शून्य.

माझं काही बरंवाईट झालं तर, ओब्दुलिया, नीट वाच (तू वाचणारच):
स्टूल तुला. दवाखान्याच्या रांगेत बस आणि मला हसल्याची लाज बाळग.
बूट चर्चला, ज्याचे पाय माझ्यापेक्षा पुण्यवान असतील त्याला.
मार्गदर्शक पुस्तक मुर्सियाच्या बाईला, सापडली तर. क्रोकेतासचा कागद आत आहे, तो काढून तू ठेव.
टाचणी कॉलरलाच राहू दे.
पोस्टकार्ड पिशवीसकट या वहीच्या शेवटच्या दोन पानांत ठेवून पानं पिठाच्या खळीने चिकटवली आहेत. वही कासिल्दाला. फोडायची नाही. खिडकीत धरायची, आणि कंबर आहे हे कबूल करायचं.