उलटा ठेवलेला ट्रे

प्रिय चिमणे,

सहा दिवस फोन उचलत नाहीस. मग हे तरी वाच.

आज चौकशी समिती बसली. अगं, नुसता मनस्ताप! भूल द्यायच्या आधी तुझ्या हातून त्या शिक्षिकेला वेदनेच्या औषधाऐवजी स्नायू ढिले करणारं गेलं, तिचा श्वास थांबला, आणि तूच तिला श्वास देऊन वाचवलंस. काल ती चालत घरी गेली, पण हे ऐकायचंय कुणाला? सर्जनसाहेब म्हणे, नव्या पिढीचं लक्षच नसतं. फिजिशियन म्हणाले, चौघांचं काम दोघांकडून करून घेतलं की असंच होणार. बोलले खरं, पण चहा आल्यावर तेही बिस्किटांकडे वळले. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी उपाय काढला, भिंतीवर सूचना लावायची. आधीच सात लटकताहेत! जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर औषधाच्या नावाची चिठ्ठी लावा, असं त्या कधीपासून कानीकपाळी ओरडताहेत. त्यांना कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

आणि मी? चिठ्ठ्या नवशिक्यांना लागतात, असं तुला पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात शिकवणारी मीच. ट्रेमध्ये डावीकडून पहिली सिरिंज वेदनेची, शेवटची स्नायूंची, हात आपोआप जातो म्हणे! तीस वर्षांत दोनदा माझाही हात चुकता चुकता राहिला. कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर ही पद्धत तेव्हाच बंद झाली असती.

आता खरं सांगते. त्या सकाळी तू पेशंटशी बोलत होतीस आणि मला फाईल ठेवायला जागा हवी होती. मी तुझा ट्रे उचलला आणि परत ठेवताना उलटा ठेवला. डावं उजवीकडे गेलं. समितीत हे ओठांवर आलं होतं गं, पण गिळलं, आणि 'हलगर्जीपणा' या शब्दापुढे तुझं नाव होतं त्या कागदावर मुकाट्याने सही केली. घरी येऊन जेवण गेलं नाही. संध्याकाळी परत जाऊन साहेबांच्या हातात लेखी दिलं की ट्रे मी फिरवला आणि ती सही मी मागे घेतेय. सिस्टरांनाही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, मुलीला आधी कळवा. म्हणून हे पत्र. राजीनामा लिहिला असशील तर फाडून टाक.

तुझीच,
हेडमास्तरीण
(पाठीमागे काय म्हणतेस ते मला ठाऊक आहे.)