इंग्रजी जगाची भाषा नाही, याबद्दल माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, जहाजाच्या इंजिनखोलीतला निवृत्त फिटर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. वकीलसाहेबांनी आधी हे मृत्युपत्र इंग्रजीत करून आणले होते. मी परत पाठवले.

१. घराचा वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. जावईबापूंनी सल्ले देऊ नयेत.

२. पाने, हातोड्या आणि पितळी तेलदाणी कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या बाईंना. इंजिनखोलीत आम्ही सात देशांची माणसे होतो आणि गोंगाटात बोलणे ऐकूच येत नसे. पाइपवर पाना एकदा वाजला की थांबा, दोनदा वाजला की वाफ सोडा, तीनदा वाजला की चहा. बावीस वर्षांत कोणी भाजले नाही. जगाची भाषा म्हणायची तर ही.

३. धाकटा भाऊ इंग्रजीचा मास्तर, राहतो खालच्या मजल्यावर. तो म्हणायचा, "इंग्रजी येत असेल ना दादा, तर माणूस जगात कुठेही अडत नाही." एकदा मी त्याला बोटीवर नेले, तर परक्या बंदरात त्याची दाढ ठणकू लागली. त्याने भर चौकात अस्खलित इंग्रजीत दंतवैद्याची चौकशी केली. लोकांनी त्याला मोठ्या आदराने न्हाव्याच्या खुर्चीत बसवले. मग मी नुसता गाल धरून विव्हळलो. मला थेट दंतवैद्याकडे नेले. माझी चांगली दाढ निघता निघता वाचली, पण पोचलो तर खरे.

हा किस्सा मी त्याच्या निरोप समारंभात, माईक हातात घेऊन, त्याच्या विद्यार्थ्यांसमोर सांगितला. घरी येताना तो एवढेच म्हणाला, "दादा, आता बोलायचं काही राहिलं नाही." नऊ वर्षे झाली, तो वर आलेला नाही. मुद्दा माझा बरोबर होता, जागा चुकली. त्याच्याशी भांडल्याशिवाय मला करमत नाही.

४. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. म्हणून धाकट्याला मी काहीही देत नाही, टाचणीसुद्धा नाही. त्याने माझ्यासमोर बसून, सगळे वाचून सही करावी.

ठिकाण: माझी बाहेरची खोली
दिनांक: ४ मार्च, सकाळी दहा
सही: थोरला

साक्षीदार:
१. समोरच्या डॉक्टरीणबाई. (सही) शुद्धीवर आहेत, नको तितके.
२. धाकटा भाऊ. (सही) वाचले. कलम तीन अमान्य. अक्षर वाकडे आले ते चष्म्यामुळे. सविस्तर खंडन उद्या सकाळी वर येऊन करीन.