राखीव आवाज

३ नोव्हेंबर

बाबांना जीवनगौरव! सिनेमात ते दोन-चारदा बाप झाले, एकदा न्यायाधीश. बाकी जन्म बिनमाइकच्या नाटकांत गेला. तरी चित्रपट पुरस्कारवाल्यांना आठवले. त्या सोहळ्याची संहिता मीच लिहिते – निवेदकांचे 'उत्स्फूर्त' विनोदसुद्धा. त्यामुळे आईचा पहिला प्रश्न, "वशिल्याचं नाही ना गं?" नाही. मलाही निर्णय झाल्यावरच कळलं.

५ नोव्हेंबर

बाबांनी ठरवलं – आभार स्वतः मानणार, तेही माइकशिवाय. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून आवाज मध्येच फाटतो. मी तसं म्हटलं.

"फाटू दे. माझाच फाटेल ना?"

९ नोव्हेंबर

तालीम सुरू. बाबा गच्चीवर, आई खाली फाटकापाशी छत्री घेऊन. शब्द कळला की छत्री वर करायची. आज एकदाही वर गेली नाही. शेजारी मात्र खिडकीतून, "काका, भांडण कुणाशी? मदतीला येऊ का?"

शेवटी आईला दया आली, केली वर. बाबांनी वरूनच ओळखलं. "बायको घरात! तिथे प्रेक्षक आहेस. खोटी टाळी नको."

१३ नोव्हेंबर

सोहळ्याच्या दिग्दर्शकाशी वाजलं.

"ताई, गायक नुसते ओठ हलवतात. पहिल्या रांगेचं हसू आम्ही आधीच टिपून ठेवतो. मग काकांनीच का खरं बोलायचं?"

"कारण ते खरं बोलूनच इथवर आलेत."

तो ऐकेपर्यंत मी खुर्चीवरून उठलेच नाही. अखेर तोड निघाली: भाषण आधी ध्वनिमुद्रित करायचं, पण राखीव. बाबा अडले तरच वाजवायचं.

१४ नोव्हेंबर

बाबांनी स्टुडिओत भाषण वाचलं. चांगलं झालं. बाहेर येऊन म्हणाले, "काचेशी बोलल्यासारखं वाटलं."

१८ नोव्हेंबर

छत्री वर गेली! खरी.

२२ नोव्हेंबर

सोहळा झाला. आजच लिहायला हवं.

बाबा मंचावर गेले. ट्रॉफी घेतली, पुढे आले, श्वास घेतला – आणि तोंड उघडण्याआधीच भोंग्यांतून त्यांचा आवाज सुरू झाला. राखीव! कडेला उभा दिग्दर्शक बोटांनी खुणावत होता – ओठ हलवा, ओठ हलवा.

बाबांनी ओठ मिटले. घट्ट. भाषण चालूच. स्वतःचे आभार ते परक्याचे ऐकावेत तसे ऐकत उभे राहिले. कुणी तरी हसलं. मग कुणीच हसेना.

संपल्यावर मंचाच्या अगदी कडेला आले. "आता मी बोलतो." फाटला आवाज. थांबले, पुन्हा उचलला. "मागे बसलेल्यांनो, तुमच्यासाठीच आयुष्यभर ओरडलो. उपकार आहेत तुमचे."

आई मुद्दाम सर्वांत मागे बसली होती. तिने हात वर केला.

दिग्दर्शकाला गाठलं. म्हणाला, "ताई, काका अडले असते तर?"

"अडल्यावर वाजवायचं ठरलं होतं. अडतील म्हणून नाही!"

२९ नोव्हेंबर

आज वाहिनीवर सोहळा दाखवला. पडद्यावर बाबांचे ओठ हलत होते! राखीव भाषणाच्या शब्दाशब्दाला. संगणकावर हलवलेत. डोळेही किंचित ओले केलेत. कडेला येऊन बोलले ते पार कापलेलं.

मी टीव्ही बंद करायला उठले. बाबा म्हणाले, "थांब. बघू दे."

शेवटपर्यंत बघितलं. "ओठ बरे हलवलेत. पॉज मात्र घेता येत नाही त्याला."

नातेवाइकांचे फोन – किती छान बोलले! आईने एकही बाबांना दिला नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी बाबांनी ट्रॉफी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "काम ज्याने केलं, त्याला देऊन ये."

दिली. दिग्दर्शक म्हणाला, "अहो ताई, तो माणूस नाही, प्रोग्राम आहे."

"मग पुढच्या वर्षी लिहायलाही त्यालाच सांगा."