माझे डाग पुसू नकोस

मेइहुईताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तुला पोचलं तर तू रडशील आणि मीच माफी मागून बसेन.

तुझ्या लेकीच्या, पेइलिंगच्या लग्नाआधी तू गोरेपणाच्या क्रीमची डबी दिलीस. म्हणालीस, "आधी ते तपकिरी डाग घालव बाई, नाहीतर मागच्या टेबलावर बस." आठ दिवस लावली. गालांची आग आग झाली आणि डाग आणखी गडद झाले.

डॉक्टरीणबाईंनी डबी सरळ कचऱ्यात टाकली. "यूचिनबाई, यात यकृताच्या जुन्या दुखण्याचाही हात आहे आणि शिंपले सोलताना बसणाऱ्या उन्हाचाही. गोळ्या चुकवू नका, रुंद टोपी घाला, उन्हाचं मलम लावा. डाग फिकट होतील, पण सावकाश."

"लग्नापर्यंत?"

"कोणाच्या? भाचीच्या लेकीच्या?" त्या हसल्या, मीही हसले.

म्हणून मी तशीच आले. तू पावडर घेऊन धावलीस, तेव्हा मी तुझा हात धरला. विहीणबाईंनी विचारलं, "चेहऱ्याला काय झालं हो?" मी सगळ्यांदेखत सांगितलं, "यकृत आजारी आहे. शेजारी बसून जेवल्यानं लागत नाही." त्यांनी खुर्ची जरा सरकवलीच. मी मात्र पुढच्या टेबलावर बसून शेवटच्या सूपापर्यंत जेवले.

काल पेइलिंगनं सांगितलं, तू फोटोवाल्याला माझे डाग पुसायला लावलेस. मी आज त्याच्या दुकानात जाऊन ते परत आणायला लावले. अल्बम आला की बघ.

तुझीच,
यूचिन