मायच्या अंगणातला कांचन

जानरावच्या बापाले सांगणं,

मी अचलपूरले मायच्या घरी चालली. छातीतली गाठ आता लिंबाएवढी झाली. दाखवाले तुमी घरी होते कुठं? कापसाच्या गाड्याइमागं अमरावतीले फिरून राहिले. वैद्य म्हणते, कांचनाच्या सालीच्या काढ्यानं गाठ विरते. आपल्या वावराच्या धुऱ्यावरचा कांचन तुमी कापूस पेराले तोडला. मायच्या अंगणातला अजून उभा आहे. त्याले सांजेले हळद-तांदूळ वाहून आवतन द्या लागते, अन् सकायी मुक्यानं साल काढा लागते. मी मुकी राहीन, हसू नका.

भाकर शिंक्यावर आहे. कडक झाली असन तर ताकात कुस्करा.

काढा लय कडू असते म्हणतात, एकटीच्या घशाखाली उतरनार नाही. झाडाले आवतन लागते. तुमालेबी लागते काय?