सावित्रम्मांचा शब्द

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज पुन्हा शिवपुत्र एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. माझ्या पाळणाघरातली पोरं नुकती झोपलेली आणि हा भिंतींवर टिचक्या मारतोय! घर विकायला काढलंय का, विचारलं. "अजून न्हाय वहिनी. पण मालकीण म्हातारी, तिला किती दिवस जमणार?" नऊ वर्षं इथं भाड्यानं आहे. घर दुसऱ्यानं घेतलं की मी आणि वरच्या खोलीतली नूरबी, दोघी रस्त्यावर.

५ फेब्रुवारी
ठरलं. एजंट मध्ये नको, सरळ मालकिणीकडे जायचं. 'घर मला विका' — एवढंच तर म्हणायचंय.

७ फेब्रुवारी
जाऊन आले. सावित्रम्मा ऐंशीच्या पुढच्या, तोंडात दात नाहीत, बोलणं तेलुगू, मराठी बाजारापुरतं. भाडं जावई नेतो, त्यामुळे बोलणं असं कधी झालंच नव्हतं. मी किल्ली दाखवली, छातीवर हात ठेवला — घर मला द्या. माझा हात धरून म्हणाल्या, "इल्ला नीके."

तेलुगू येत नाही मला. पण मी अक्कलकोटची, कानडी कानावर घेत वाढलेली. 'इल्ला' म्हणजे नाही. 'नीके' म्हणजे तुला असणार. तुला नाही! वर कुंकू लावून ओटी भरली — रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून. घरी येऊन त्या नारळाची चटणी वाटली. रागारागात.

८ फेब्रुवारी
जिन्यात नूरबी भेटली. पोरं उठली असतील म्हणत सटकले.

१० फेब्रुवारी
कुणी हाकलण्याआधी आपणच निघावं. चिठ्ठी लिहिली — 'महिनाअखेर घर रिकामं करते.' सावित्रम्मांच्या हातात ठेवली आणि मागे न बघता आले. परत येताना रडूच आलं.

११ फेब्रुवारी, सकाळ
नूरबीला सांगावंच लागलं. विड्यांचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "काय म्हणली ती? परत बोल." बोलले. "इल्ला न्हाय गं, इल्लु! इल्लु म्हणजे घर. घर तुलाच, म्हणली की ती!" वीस वर्षं तेलुगू बायकांत बसून विड्या वळल्यात तिनं.

आणि माझी ती चिठ्ठी!

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
दोघी धावतच गेलो. चिठ्ठी देव्हाऱ्यात होती — हळदकुंकू लावलेली, वर जास्वंदाचं फूल. सावित्रम्मांना मराठी वाचता येत नाही. मला बघून हसल्या. "शिवपुत्र आलता. मी म्हटलं, जा. घराचा कागद झाला."